धानाच्या तुसातील सिलिकॉन

आपल्या शाळेतील अनेक मुले धानाच्या बांधीवर राबणाऱ्या घरांतून येतात. तुमसर, मोहाडी, लाखनीकडील राईस मिलमध्ये धान भरडले की तांदूळ घरी येतो आणि तूस मिलमागे ढिगाने साचते. पुष्कळसे तूस जळण म्हणूनच संपते. वस्तुतः त्याच्या वजनाचा सुमारे 15 ते 20 टक्के भाग सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, असतो.

मोबाइलच्या लिथियम बॅटरीचे ऋण अग्र मुख्यतः ग्रॅफाइटचे असते. 1 ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त 372 मिलिॲम्पिअर-तास विद्युतभार साठविते; सिलिकॉनची क्षमता त्याच्या नऊ-दहा पट. मग सर्वत्र सिलिकॉनच का नाही? लिथियम आत शिरताच ते जवळजवळ चौपट फुगते, बाहेर पडताच आकसते आणि थोड्याच चार्जिंगमध्ये त्याचा भुगा होतो. कण सुमारे 150 नॅनोमीटरहून लहान असला, तर मात्र तो तडकत नाही. असे कण कृत्रिमरीत्या घडविणे खर्चिक आहे.

धानाचे रोप मुळांवाटे सिलिका शोषून तुसात तिचे नॅनोकण रचतेच. 2013 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यी त्सुई यांच्या गटाने तूस आम्लाने धुतले, जाळले आणि उरलेली सिलिका मॅग्नेशियमसह तापवून सिलिकॉन मिळविले. 300 आवर्तनांनंतरही त्याची 86 टक्के क्षमता टिकली.

यात धुणे महत्त्वाचे. न धुतलेल्या तुसातील पोटॅशियममुळे सिलिका उष्णतेत वितळते आणि कण एकमेकांस चिकटतात. मिलच्या भट्टीत बहुधा हेच घडते. त्यामुळे या कामी राखेपेक्षा कोरे तूस अधिक मोलाचे.