दंड झाला, पण पैसे कुणाला?

श्रोते हो, ‘अमुक कंपनीला इतक्या कोटींचा दंड’ अशी बातमी आली, की मला ओळखीच्या दोन-चार जणांचे तरी फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो : ‘आम्हीही त्यांचेच गिऱ्हाईक. मग आमचे पैसे कधी मिळणार?’ उत्तर थोडं निराश करणारं आहे. हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. त्यातला एक रुपयाही आपोआप आपल्या खिशात येत नाही. दंड वेगळा आणि भरपाई वेगळी. हा फरक ठाऊक नसला, तर तक्रारीची मुदत नुसती वाट पाहण्यात निघून जाते.

मुळात हा दंड कशासाठी? चोरी, मारामारीचा खटला फौजदारी न्यायालयात चालतो आणि गुन्हा सिद्ध झाला तर आरोपी तुरुंगात जातो. बाजारातल्या गैरव्यवहारांना आळा घालायला कायद्यानं आणखी एक वाट काढली आहे. इथे तुरुंग नाही. पण लबाडी परवडू नये असा पैशाचा फटका आहे. म्हणून याला दिवाणी स्वरूपाचा दंड म्हणतात. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यानं तो आणला आणि संगनमताविरुद्धची कलमं २० मे २००९ पासून लागू झाली.

एक उदाहरण घेऊ. भारतीय अन्न महामंडळाला गोदामातलं धान्य किडीपासून वाचवायला अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लागतात. २००९ च्या एका निविदेत तीन कंपन्यांनी किलोला अगदी सारखा, ३८८ रुपये दर भरला. निविदा बंद पाकिटात असतात, तरी आकडा एकच! महामंडळानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. संगनमत सिद्ध झालं आणि २०१२ मध्ये आयोगानं तिघांनाही दंड ठोठावला. त्यांतल्या एक्सेल क्रॉप केअर या कंपनीचा दंड सुमारे ६४ कोटींचा होता.

आता कायदा म्हणत होता : मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. पण उलाढाल कोणती? कंपनीच्या सगळ्या मालाची, की फक्त या गोळ्यांची? अपिलात गोळ्यांचीच धरली गेली आणि ६४ कोटींचे जेमतेम तीन कोटी झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच मान्य केलं. चुकीच्या मानानंच शिक्षा हवी, हा त्यामागचा विचार. दुसरी बाजू अशी, की बड्या कंपनीला एवढा दंड म्हणजे धंद्यातला किरकोळ खर्च. म्हणून संसदेनं २०२३ मध्ये कायदा बदलला. २०२४ पासून दंडाचं गणित संबंधित मालापासून सुरू होतं, पण कमाल मर्यादा कंपनीच्या जगभरातल्या एकूण उलाढालीच्या १० टक्के एवढी वर नेली आहे.

ग्राहक कायद्यात ही सोय बरीच उशिरा आली. १९८६ च्या कायद्यानं ग्राहक मंच दिले. ते तक्रार करणाऱ्याला न्याय देत. पण फसवी जाहिरात लाखो लोक पाहतात आणि तक्रार एखादाच करतो. त्यासाठी २०१९ च्या कायद्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही यातून सूट नाही.

मग आपली भरपाई? त्यासाठी आपणच दार ठोठवायला हवं. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. संगनमतामुळे नुकसान झालं असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. तिथे अनेकांना मिळूनही अर्ज करता येतो.

दंडाचा आदेश जाहीर असतो, तो आपल्या तक्रारीला जोडता येतो. पण आपलं नुकसान किती झालं, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. तेव्हा पावती, हमीपत्र, जाहिरातीचं कात्रण, मोबाइलवर आलेला संदेश, सगळं जपून ठेवा. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. सरकारनं दंड वसूल केला म्हणजे आपला हिशेब मिटला, असं मात्र समजू नका.