कॉलेजची फाईल आठवीतच उघडा

तिवसा तहसीलजवळ माझं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आहे. लोक त्याला अजून सेतूच म्हणतात. बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की कुऱ्हा, मार्डी, शेंदुरजना बाजार, मोझरीकडून माणसं येतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. नेमका तेव्हाच मृग लागलेला असतो. बाप पेरणी अर्धी टाकून आलेला, सोबत पोरगी, हातात प्लास्टिकची पिशवी. “सीईटीत चांगले मार्क पडले वो ताई, आता व्हॅलिडिटी काढून द्या.” कधीपर्यंत पाहिजे? “सोमवारी फॉर्मची तारीख हाय.”

सोमवारपर्यंत उत्पन्नाचा दाखलासुद्धा निघेलच असं नाही. जात वैधता प्रमाणपत्राची तर गोष्टच सोडा.

कॉलेजची तयारी म्हणजे ट्यूशन, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. त्यासाठी शेत गहाण पडलं तरी चालतं. पण ज्या कागदांवर प्रवेश आणि फीची सवलत अडते, ते पाहायला कोणाला वेळ नसतो. मी बसते त्या खुर्चीवरून एवढं नक्की दिसतं, की आमच्या भागातल्या हुशार पोरांच्या जागा मार्कांपेक्षा तारखांनी जास्त जातात. आणि तारखा आठवीपासून सुरू होतात.

आठवी-नववी : कोणी न मोजलेली वर्षं

अमेरिकेत कॉलेजला अर्ज करताना नववीपासूनची गुणपत्रिका जोडावी लागते, म्हणून तिथले आईबाप नववीलाच जागे होतात. आपल्याकडे नववीचे मार्क प्रवेशाला कुठेच धरत नाहीत. त्यामुळे नववी म्हणजे आराम. पण आपल्याकडेही या वर्षांत मिळण्यासारखं पुष्कळ आहे.

आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल, सातवीला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, एवढं असलं की बसता येतं. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. एक बुद्धिमत्तेचा, एक शाळेच्या विषयांचा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. चार वर्षांचे ४८ हजार होतात. यातून अकरावी-बारावीची पुस्तकं आणि खोलीभाड्याचा काही भाग सुटतो. शिवाय बुद्धिमत्तेच्या पेपरची सवय पुढच्या स्पर्धा परीक्षांना कामी येते.

चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा पोरं गंमत म्हणून देतात. तिला ‘अ’ श्रेणी आली तर दहावीत ७, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३ वाढीव गुण मिळतात. पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, तिथे हेच गुण भाव खातात.

याच काळात एक बिनपैशाचं काम उरकून घ्यावं. शाळेच्या रजिस्टरातलं नाव, आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव एकसारखं आहे का, हे ताडून पाहावं. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होते. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म गेला की तीच दुरुस्ती जड जाते.

कोतवाल बुकातला आजोबा

आता व्हॅलिडिटी. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे अजून घरोघरी माहीत नाही. दाखला उपविभागीय कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे का, हे अमरावतीची जिल्हा पडताळणी समिती तपासते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे, तीही अमरावतीलाच. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला जायचं तर वैधता लागतेच. ती नसली तर राखीव जागा हातची जाते. सरकार कधी मुदत वाढवून देतं, पण त्या भरवशावर राहू नये.

पुरावा जुना लागतो. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे गाठ आजोबा-पणजोबांशी. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेतून दाखल-खारीजचा उतारा काढायचा. नसतील गेले, तर तहसीलच्या रेकॉर्डमधून कोतवाल बुकाची नक्कल. जुन्या काळी गावच्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात व्हायची, जातीसकट.

तळेगाव ठाकूरकडच्या एका घरची नक्कल मी पाहिली. शाई फिकी, अक्षर वळणदार, पणजोबांचं नाव, जात, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, मग नाव कुठून येणार? पणजोबांना मुलगे तीन. हा मुलगा म्हणजे नेमके कोणते आजोबा, हे दाखवायला मोठ्या आजोबांच्या शाळेचा उतारा, वंशावळ आणि शपथपत्र जोडावं लागलं. एकीकडे ‘गुलाब’, दुसरीकडे ‘गुलाबराव’ असलं की आणखी एक शपथपत्र. हे दोन दिवसांत होत नाही. वडिलांकडच्या नात्यात कोणाची वैधता आधीच निघाली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं, म्हणून दिवाळीला काका-आत्या भेटले की आधी हे विचारा.

जुने पुरावे आठवी-नववीतच गोळा करा. अकरावीत प्रवेश झाला की कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र घेऊन अर्ज टाका. एकदा निघालेली वैधता जन्मभर चालते. नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न आणि ईडब्ल्यूएस हे दाखले मात्र मुदतीचे असतात. ते फार आधी काढून उपयोग नाही. प्रवेशाच्या वर्षी एप्रिल लागला की काढावेत.

दहावी : एक नाही, तीन दारं

दहावीनंतर अकरावी सायन्स हे एकच दार आहे असं समजून पोरं लोटली जातात. आयटीआय आणि पॉलिटेक्निक ही दोन दारं तेवढीच उघडी असतात. अमरावतीचं सरकारी पॉलिटेक्निक जुनं आणि नावाजलेलं आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्याचे हात मशीनवर चालतात, त्याला हा रस्ता बरा.

सायन्सला जाणाऱ्यांनी विषय डोळे उघडे ठेवून घ्यावेत. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचा बहुतेक रस्ता बंद, जीवशास्त्र सोडलं की नीट अवघड. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, आता गावच्या कॉलेजलाही पोर्टलवरूनच जावं लागतं. म्हणून पोर्टल उघडलं की लगेच अर्जाचा पहिला भाग भरून ठेवावा.

अकरावी : सर्वांत महाग चूक

अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती, असं मानणाऱ्यांनी एमएचटी-सीईटीचा नमुना पाहावा. पीसीएम गटाला २०० गुण, फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे प्रत्येकी ५० प्रश्न, मॅथ्सचा प्रश्न दोन गुणांचा. निगेटिव्ह मार्किंग नाही. सुमारे २० टक्के भार अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. नीट आणि जेईईत तर अकरावीचा वाटा त्याहून कितीतरी मोठा.

दुसरी गोष्ट गावाची. बारावी जिथून पास होता, त्यावरून तुमचं गृह विद्यापीठ ठरतं. इंजिनिअरिंगच्या बहुतेक कॉलेजांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या मुलांना असतात. तिवस्याचं पोरगं नागपूरहून बारावी झालं, तर अमरावती विद्यापीठात ते बाहेरचं ठरतं. क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाणाऱ्यांनी आणखी जपावं. नीटमधून राज्याच्या कोट्यातली जागा हवी, तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. क्लास कुठे लावायचा हे ठरवताना बारावीचा फॉर्म कुठून जाणार, हेही विचारा.

जवळ काही नाही, असंही नाही. अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ पासून आहे, बडनेऱ्याचं राम मेघे १९८३ पासून. विज्ञान-कला शिकायला अमरावतीतच व्हीएमव्ही कॉलेज आहे, १९२३ चं. अकोल्याला कृषी विद्यापीठ आणि मेडिकल कॉलेज. गावातून अमरावतीच्या शाळा-कॉलेजला ये-जा करणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. तरी कितीतरी मुली रोजचं तिकीट काढतात.

बारावी : फी कुठे माफ होते

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींसाठी. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. हॉस्टेल, मेस, कॉलेजची इतर शुल्कं माफ होत नाहीत. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या मुलांना स्वाधार योजना आहे. पंजाबराव आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे. १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या नावाची योजना आपल्याच पोरांना माहीत नसावी, हे बरं दिसत नाही.

कॅपचे पर्याय भरताना पोरं मित्राची यादी उतरवतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेऱ्यांत चांगलं बघू म्हणता येत नाही. म्हणून एक नंबरला तेच टाका, जे मिळालं तर दुसऱ्या दिवशी बॅग भराल.

मला कोणी म्हणेल, ताई, सगळे आधीच दाखले काढायला लागले तर जूनमध्ये तुमचं दुकान कसं चालणार? दाखले तेवढेच निघतील. फक्त थोडे दिवाळीत निघतील, थोडे उन्हाळ्यात, आणि बापाला पेरणी सोडून यावं लागणार नाही.