डहाणूची गाडी माघारी का फिरली?

बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, रेल्वेची हद्द सोडून, पण रूळ दिसतील अशा जागी मोबाइल घेऊन उभे राहा. तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. विरारहून डहाणूला निघालेली लोकल तुमच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाईल. मग पुलावरून पश्चिमेला या, पूर्वेकडे तोंड करा आणि पुढची डहाणू गाडी टिपा. ही उजवीकडून डावीकडे जाईल. दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडून घरी दाखवा. बघणारा विचारेल, गाडी माघारी का फिरली?

गाडी डहाणूलाच चालली होती, रेषा तुम्ही ओलांडलीत. चित्रपटवाले तिला १८० अंशांची रेषा म्हणतात. शिकवणारे बरेच जण लेन्सपासून सुरुवात करतात. मी इथून करतो, कारण कॅमेरा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न कुठे उभं राहायचं हाच असतो. दोन माणसं बोलत असली की मध्ये रूळ नसतात, पण एकाच्या डोळ्यांपासून दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत तशीच रेषा असते. तिच्या एका बाजूला राहिलात तर दोघं एकमेकांशी बोलताना दिसतात. ओलांडलीत की दोघंही एकाच दिशेला बघत बोलू लागतात.

आता सातपाटीला चला. होड्या, पाणी, आभाळ आणि त्यात जाळं घेऊन बसलेला एक कोळी, हा लाँग शॉट. माणूस कुठे आहे ते यातून कळतं. कमरेपासून वर घेतला की मिड शॉट. तो काय करतोय ते कळतं. क्लोज-अपमध्ये फक्त बोटं. सुईला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा भोकातून ओढला जातो, गाठ बसते, अंगठा ती दाबून बघतो. हे लांबून कधीच दिसलं नसतं. माणूस कामात असतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

क्लोज-अपला दोन वाटा आहेत: झूम करा, नाहीतर चालत जवळ जा. नवख्याला दोन्ही सारखंच वाटतं. त्या कोळ्याच्या मागे नांगरलेली होडी बघत राहा. झूम केलंत तर तो आणि होडी सारख्याच प्रमाणात मोठे होतात, होडी त्याच्या पाठीला चिकटल्यासारखी दिसते. चालत गेलात तर तो मोठा होतो, होडी जवळपास तेवढीच राहते आणि दोघांमधली जागा जाणवते. लांबचं जवळ ओढणाऱ्या टेलिफोटो लेन्सने व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरूच्या डोळ्याने पडदा भरून टाकला होता.

कॅमेरा जागेवरच डावी-उजवीकडे वळला तर पॅन, वर-खाली झाला तर टिल्ट, चाकांवरून सरकला तर ट्रॉली. कारण नसेल तर हलवूच नका. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) तो बहुतेक वेळ स्थिर आहे, आणि न्यायालयातला कंटाळवाणा वेळ म्हणूनच अंगावर येतो. वरून घेतलेला टॉप अँगल समजायला ड्रोन लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रातला तारपा नाच बघा. नाचणाऱ्यांचं वेटोळं वरून पाहिलेलं आहे, माणसं मात्र समोरून. दोन कॅमेऱ्यांच्या जागा एकाच चित्रात! मला याचं फार अप्रूप वाटतं.

उजेडाचा धडा केळव्याला, सूर्यास्ताच्या वेळी. समुद्राकडे पाठ करून उभ्या माणसाचा चेहरा काळा पडतो, कारण मोबाइल आभाळाचा उजेड मोजतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, चेहरा उजळेल. आभाळ मात्र पांढरं होईल. दोन्ही हवं असेल तर समुद्र तुमच्या पाठीशी घ्या आणि माणसाला सुरूच्या बागेच्या बाजूला उभं करा.

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात ट्यूबलाइटखाली शूटिंग केलंत आणि चित्रावर पट्टे सरकताना दिसले, तर मोबाइल बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मॅन्युअल सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर दोन लुकलुकी येतात, आणि पट्टे जातात.