मान आधी की डोकं आधी?
दिवसभर लॅपटॉपमध्ये मान घालून बसलं की संध्याकाळी अर्धशिशी उठते, ही नेहमीची तक्रार. तीत तथ्य आहे. मानेतल्या वरच्या ३ नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे मानेचा ताण डोळ्यामागे ठणकू शकतो. पण उलटंही घडतं: मान आखडणं हीच कधीकधी अर्धशिशीची सुरुवात असते, डोकं दुखण्याच्या काही तास आधीची. सोबत जांभया, चिडचिड असेल तर हाच संशय धरावा. बिचाऱ्या उशीला उगाच दोष नको. स्क्रीन डोळ्यांसमोर आणावी, अधूनमधून उठावं. सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेण्याची हौस मात्र सोडावी. तापासोबत मान ताठली किंवा डोकं एकाएकी असह्य दुखू लागलं, तर थेट इस्पितळ गाठावं.