घर आणि आपल्या सवयी

मुलांनो, आपल्या सोलापूर जिल्ह्यातील जुनी माळवदाची घरे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या भिंती चांगल्या रुंद असतात. छतावर मातीचा जाड थर असतो. उन्हाळ्यात बाहेर पारा ४० अंशांच्या वर जातो, तरी आत गारवा असतो. असे का होते? जाड माती हळूहळू तापते. बाहेरची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. मग दारे-खिडक्या उघडल्या, की रात्रीचा वारा घर थंड करतो.

पण याच घराच्या खिडक्या कोणी भर दुपारी सताड उघड्या ठेवल्या आणि रात्री बंद केल्या, तर? गरम हवा आत शिरेल आणि तिथेच कोंडून राहील. घर तेच, भिंती त्याच. पण गारवा नाहीसा होईल. म्हणजे अर्धे काम घर बांधणारा करतो. उरलेले अर्धे घरात राहणाऱ्याने करायचे असते.

वीज वाचवणाऱ्या नव्या घरांचेही असेच आहे. एक हिशेब करू. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ३ तास लावला, तर १८० वॅट-तास वीज लागते. ९ वॅटच्या एलईडी दिव्याला तेवढ्याच वेळात फक्त २७ वॅट-तास पुरतात. केवढी बचत! पण ‘याला वीज कमी लागते, राहू दे चालू’ असे म्हणून तो दिवा २४ तास जळत ठेवला, तर २१६ वॅट-तास खर्च होतात. जुन्या बल्बपेक्षाही जास्त!

खोली थंड करणाऱ्या एसीचे तापमान १ अंशाने वाढवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. म्हणून २०२० सालापासून तयार होणारे स्टार असलेले एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतात. पण ते १८ अंशांवर नेणारे बोट आपलेच असते.

सोलापूरजवळ फताटेवाडीला मोठे वीजकेंद्र आहे. तिथे कोळसा जाळून वीज तयार होते. त्यासाठी पाणी येते उजनी धरणातून, म्हणजे आपल्याच माढा तालुक्यातून. हेच पाणी शेतांनाही हवे असते. रिकाम्या खोलीत पंखा फिरतो, तेव्हा केवळ अब्बांचे वीजबिल वाढत नाही. कोळसा आणि पाणीही वाया जाते.

तेव्हा मुलांनो, खोलीतून बाहेर पडताना एकदा मागे वळून पाहा. बटण बंद केले का?

स्वाध्याय
१. माळवदाचे घर थंड कसे राहते?
२. तुमच्या घरातील एका दिव्याचा दिवसभराचा वीजखर्च काढा.