शाळेची मोजदाद कुणी करायची?

जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनाचा उल्लेख आपल्या भाषणांतून वारंवार होतो. ते निवेदन वाचण्याचे कष्ट मात्र फार थोडे घेतात. निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. त्यांची शेती मांजरीला, म्हणजे आमच्या हडपसरच्या शेजारी. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालच्या खेड्यांपुरता आहे, हे ते आधीच सांगून टाकतात आणि त्याच अनुभवाच्या बळावर साऱ्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याकडे हिशेब मागतात. पैसा रयतेच्या घामाचा, आणि तो उच्च शिक्षणावर उधळला जातो. इलाख्यातील दहापैकी नऊ खेड्यांत, जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची कसलीही सोय नाही.

एवढे मांडून ते थांबत नाहीत. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा. शिकवून तयार झालेल्या शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका. डेप्युटी वर्षातून एकदा येऊन काय पाहणार? तपासणी तीन महिन्यांनी व्हावी, आणि अधूनमधून न कळवता व्हावी. आजच्या भाषेत यालाच संशोधन आणि धोरण म्हणतात. फरक इतकाच की मोजणारा माणूस मोजल्या जाणाऱ्यांच्या बाजूचा होता.

बाबासाहेबांनी हेच शस्त्र आणखी धारदार केले. महाडच्या सत्याग्रहाला आठवडाच उरला असताना, 12 मार्च 1927 रोजी, ते मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सरकारला ऐकवले. दारूच्या करातून सरकार माणशी दोन रुपयांहून अधिक घेते आणि शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते, हाही हिशेब मांडला. आकडे सरकारी, अर्थ त्यांनी लावलेला.

आज आकड्यांचा दुष्काळ नाही. प्रत्येक शाळेची माहिती 'यू-डायस'मध्ये भरली जाते. खोल्या किती, नळ किती, शिक्षक किती हे त्यावरून कळते. चौथीतल्या पोराला धडा वाचता येतो का, हे कळत नाही. ते पाहणारी 'असर' ही पाहणी 2005 साली सुरू झाली. घरोघर जाऊन, एकेका मुलासमोर अक्षरे, शब्द, सोपा उतारा आणि गोष्ट ठेवायची, एवढी साधी तिची पद्धत. पण ती ग्रामीण भागापुरती. हडपसर महापालिकेत. म्हणजे रामटेकडी आणि वैदुवाडीची पोरे तिच्या चाळणीत येतच नाहीत. मगरपट्ट्याच्या टोलेजंग इमारतींमुळे अख्खे हडपसर सुधारले, असे कुणाला वाटले तर नवल नाही.

संशोधनाकडेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोदा येथील पालिका शाळांत 'बालसखी'चा प्रयोग झाला. वस्तीतल्या शिकलेल्या मुलीने मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास त्यांच्या पातळीवरून शिकवायचे. मुले खरोखर पुढे गेली. हा प्रयोग तपासणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना 2019 मध्ये नोबेलही मिळाले. मात्र उपक्रम सोडल्यावर वर्षभरात फायद्याचा मोठा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. आणि त्या मुलींना महिना मिळत होते पाचशे ते साडेसातशे रुपये. पद्धत घ्यावी, जरूर घ्यावी. पण स्वस्तात काम होते हा निष्कर्ष सरकारला फार लवकर पटतो. महाराष्ट्राने 2000 साली तीन हजार रुपयांवर शिक्षणसेवक नेमायला सुरुवात केली होती. फुल्यांची मागणी नेमकी उलट होती.

मोजदाद शाळा बंद करण्यासाठीही होते. डिसेंबर 2017 मध्ये पट दहापेक्षा कमी म्हणून 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय निघाला. पट का घटला, हा रकाना त्या कागदात कुठे होता?

म्हणून शिक्षण हक्क कायदा, 2009 याचे कलम 21 आणि 22 आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते आणि अनुदानाला आधार त्याच आराखड्याचा. एवढा अधिकार कायद्याने दिला असताना, मी पाहिलेल्या एका शाळेत समितीची सही घरपोच घेतली जात होती.

तेव्हा सुरुवात लहान करावी. वस्तीतल्या दोन कॉलेजच्या मुलांनी रविवारी घरोघर जाऊन वाचन तपासावे. मुलांची नावे बाहेर सांगू नयेत, इयत्तेवार संख्या तेवढी लिहावी. किती मुले पटावर आहेत आणि सोमवारी किती आली, शिक्षक निवडणुकीच्या वा इतर कामाला किती दिवस गेले, तेही लिहावे. शिक्षकाला आरोपी न करता त्यालाच शेजारी बसवावे. तो बहुधा आपल्यापेक्षा जास्त सांगेल. मग हा कागद विकास आराखड्याला जोडून समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि पोच मागावी. आणि समितीची सभा सायंकाळी सातनंतर लावा, असे लेखी कळवावे. सकाळी अकराला धुणीभांडी करणारी आई तिथे येऊ शकत नाही.