वर सेनापती, खाली देवी

यवतमाळ जिल्ह्यात चिनी माणूस शोधायला निघालात तर चायनीजच्या गाडीपाशी येऊन थांबाल. पुसद असो, दिग्रस असो की वणी, दिवेलागणीला गाड्यांवर कढया खणखणायला लागतात, मंचुरियनचा धूर डोळ्यांत जातो आणि गाडीवाला अस्सल वऱ्हाडीत विचारतो, "तिखट किती टाकू भाऊ?" चीनशी आपली ओळख तिथेच संपते. चिनी देऊळ पाहायचे तर मुंबई गाठावी लागते. धामणगावला रात्रीची गाडी धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचे आणि हार्बर लाइनने तिसरे स्टेशन, डॉकयार्ड रोड. तिथून जवळच, माझगावच्या नवाब टँक भागात, १९१९ सालचे सी यप कून मंदिर आहे.

शिखर, कळस, सभामंडप यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते चटकन सापडत नाही. वस्तीत उभे असलेले जुने दुमजली घर, एवढेच. लाल रंग आणि चिनी अक्षरे दिसली नाहीत तर सरळ पुढे निघून जाल. खाली क्वान यिन ही करुणेची देवी. जिना चढून वर गेले की क्वान कुंग हा सेनापती. उदबत्त्यांचा वास, तेलाचा दिवा, लाल-सोनेरी नक्षी, आणि वाचता येत नसूनही वाचावीशी वाटणारी उभ्या ओळींतली अक्षरे.

हे घर मुळात बांधले ते दर्यावर्दींनी. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात शिन्हुई, तायशान, काइपिंग आणि एनपिंग असे लगतचे चार परगणे आहेत. त्या चार परगण्यांना मिळून 'सी यप' म्हणतात, आणि 'कून' म्हणजे त्यांचे सभागृह. एकोणिसाव्या शतकात या भागातून माणसे जगभर पांगली. मेलबर्नला त्यांचे सी यप मंदिर आहे, १८६६ सालचे. कोलकात्यात त्यांनी सी इप चर्च बांधले. त्या शहरात चिनी देवळांना 'चर्च' म्हणायची पद्धत आहे, तेव्हा नावावरून फसू नका. आत येशू नाही, क्वान यिन आहे. मुंबईत ही माणसे बोटींवर आणि गोद्यांत कामाला आली. बंदरात उतरलेल्या माणसाला निजायला जागा, गावाकडचे बोलायला कोणी आणि डोके टेकायला देव, या तिन्ही गोष्टी एका छपराखाली हव्या असतात. धोबी तलावला गोवेकर खलाशांच्या 'कुडी' आहेत. एकेका गावाची एकेक कूड, आत पेट्या आणि गाद्या, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी. सी यप कूनचा जन्म त्याच गरजेतून झाला. म्हणून मला ते आधी धर्मशाळा आणि मग देऊळ वाटते.

आता वरचा देव. क्वान कुंग हा कल्पनेतला नाही. ग्वान यू नावाचा हा सेनापती खराच होऊन गेला. इसवी सन २२०च्या सुमारास शत्रूने त्याला पकडून ठार केले. लिऊ बेइ आणि झांग फेइ या दोघांशी त्याने भाऊबंदकीची शपथ घेतली (आपल्याकडच्या नव्हे, खऱ्या अर्थाच्या भाऊबंदकीची) आणि मरेपर्यंत पाळली, असे कथा सांगते. चौदाव्या शतकातल्या 'तीन राज्ये' या कादंबरीने त्याला घरोघरी नेले. लालबुंद चेहरा, पोटापर्यंत दाढी, हिरवा झगा, हातात लांब दांड्याचे चंद्रकोरी पात्याचे शस्त्र. मेल्यावर त्याची बढती होत राहिली. राजामागून राजाने पदव्या दिल्या आणि १६१४ साली मिंग सम्राटाने त्याला थेट सम्राटपद बहाल केले. दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून व्यापारी त्याला पूजतात. हाँगकाँगमध्ये तर पोलीस ठाण्यातही तो आणि गुंडांच्या टोळ्यांच्या अड्ड्यातही तोच. दोघांनाही निष्ठा हवी असते, त्याला तो तरी काय करणार!

खालची देवी मात्र आपली आहे, आणि या लेखाचे निमित्त खरे तर तीच. क्वान यिन म्हणजे बौद्धांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या लेण्याच्या दाराशी त्याचे भव्य शिल्प आहे, सहाव्या शतकातले. मध्ये बोधिसत्त्व उभा, आणि दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेल्या माणसांची छोटी दृश्ये: आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, हत्ती, आणि बुडणारे जहाज. जो हाक मारेल त्याच्याकडे हा धावतो. अशीच संकटमालिका बोरिवलीजवळ कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही आहे. ही लेणी व्यापारी रस्त्यांच्या आणि बंदरांच्या आधाराने वाढली, तेव्हा यादीत जहाज आले यात नवल नाही. इसवी सन ४०६ मध्ये कुमारजीवाने 'सद्धर्मपुंडरीक' सूत्र चिनीत आणले आणि संकटात धावणारा हा बोधिसत्त्व तिकडे लोकप्रिय झाला. फाहियान हा चिनी यात्रेकरू सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे परतताना वादळात सापडला, तेव्हा त्याने याचाच धावा केला, असे तो स्वतः लिहून गेला आहे. तिकडे रुजल्यावर काही शतकांत त्याची स्त्री झाली. बापाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मियाओशान राजकन्येची कथा तिला जोडली गेली, शुभ्र वस्त्रे आली, कोळ्यांची आणि खलाशांची ती आई झाली. आणि विसाव्या शतकात क्वांगतुंगच्या खलाशांनी तिला माझगावला आणले. सासरी नाव, वेष, बोली सगळे पालटलेली लेक माहेरच्या बंदरात उतरली, आणि माहेरात कोणी तिला ओळखले नाही. कान्हेरी तिथून लोकलच्या अंतरावर आहे.

कोणत्या धर्माचे देऊळ म्हणायचे हे? विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळत नाही. बुद्धाचा बोधिसत्त्व खाली, इतिहासातला सेनापती वर, बाकी थोडे ताओमत, थोडे कन्फ्यूशियसचे वडीलधाऱ्यांना मानणे, आणि सगळ्यांच्या मुळाशी पूर्वज. एक ग्रंथ नाही, दीक्षा नाही. आपल्या गावदेवांकडे पाहणाऱ्याला यात अडचण पडू नये. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, तेव्हा चिनी कुटुंबे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करून नैवेद्य ठेवतात. मुंबईत त्यांची स्मशानभूमी अँटॉप हिलला आहे. आपण पितृपक्षात कावळ्याची वाट पाहतो, एवढाच फरक.

देवाला कौल लावायची सोयही आहे. बांबूच्या नळकांड्यात आकडे घातलेल्या काड्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडे तिरके हलवायचे, एक काडी बाहेर पडेपर्यंत. तिच्या आकड्याची चिठ्ठी काढून भविष्य वाचायचे. पुष्कळ चिनी देवळांत चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडेही टाकतात: एक उताणा, एक पालथा पडला तर देवाचा होकार.

या माणसांचे मुंबईतले दिवस सोपे नव्हते. कामाठीपुऱ्याची शुक्लाजी स्ट्रीट आणि माझगाव इथे त्यांची वस्ती होती. दातांचे दवाखाने आणि हॉटेले त्यांनी नावारूपाला आणली. १९६२च्या भारत-चीन युद्धाने सगळे उलटले. देशभरातून, मुख्यतः आसाम आणि बंगालमधून, सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत इथेच जन्मलेली मुलेही होती. बाकीच्यांवर पोलिसांकडे हजेरी लावण्याची, विचारल्याशिवाय गाव न सोडण्याची बंधने आली. अनेकांनी परदेशाची वाट धरली. शत्रूच्या तोंडवळ्याचा म्हणून शेजाऱ्याला कैदेत टाकणे, याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

आपल्या जिल्ह्याचा या सगळ्याशी संबंध नाहीच असे मात्र नाही. डॉकयार्ड रोडनंतर रे रोड, आणि त्यानंतरचे स्टेशन कॉटन ग्रीन. कापसाच्या गाठींची गोदामे आणि कापूस बाजाराची इमारत तिथली. आपली शकुंतला, यवतमाळ–मूर्तिजापूर ही किलिक निक्सन कंपनीची नॅरोगेज, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या रस्त्याला लावण्यासाठीच घातली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांच्या सुताचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक चीन होते. पुढे जपानने ती बाजारपेठ हिसकावली. त्याआधी जमशेदजी जिजीभॉय चीनच्या पाच सफरी करून कापसावर आणि अफूवर गबर झाले. अफूचा भाग आपण सोयीने विसरतो. ती माळव्यातून मुंबईमार्गे जाई, आणि जी क्वांगतुंगमध्ये उतरे, ती सी यपच्या माणसांच्याच प्रांतात.

जायचे असेल तर दोन गोष्टी. हे वस्तीतले आणि वापरातले देऊळ आहे, तेव्हा देखभाल करणाऱ्यांना विचारून आत जावे, विचारूनच फोटो काढावा. बहुधा तीन उदबत्त्या लावतात; त्या दोन्ही हातांत धरून वाकायचे आणि राखेच्या कुंडात खोचायच्या. फळे चालतात, संत्री तर फारच चालतात, त्यामुळे हिवाळ्यात निघालात तर वरूडची चार संत्री पिशवीत टाका. गर्दी पाहायची असेल तर चिनी नववर्ष गाठा. ते चांद्र पंचांगाने २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येते, आणि आदल्या रात्री मुंबईत उरलेली चिनी कुटुंबे इथे जमतात. एरवीच्या दिवशी गेलात तर बहुतेक वेळा जिन्यावर तुमचीच पावले वाजतील. मग खाली क्वान यिनपाशी थोडे जास्त थांबा, आणि वेळ उरला तर दुसऱ्या दिवशी बोरिवलीला उतरून नव्वदावे लेणे पाहून या.